हाताने लिहिलेली असेंब्ली आणि स्पेक्ट्रमवेडी माणसं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नात, ऑफिसात, ट्रेनमध्ये, कुणालातरी कळतं की मी अजून ४० वर्षं जुन्या कॉम्प्युटरसाठी प्रोग्रॅम लिहितो आणि मग तेच तेच प्रश्न सुरू होतात. म्हणून एकदाची सगळी उत्तरं इथे लिहून ठेवतोय. मी स्पेक्ट्रमवाला आहे हे आधीच सांगतो, त्यामुळे कमोडोरवाल्यांनी पुढचं जरा मीठ घालून वाचावं.

प्र. कुठल्या मशीनबद्दल बोलताय नक्की?

मुख्यतः झेडएक्स स्पेक्ट्रम. इंग्लंडमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने २३ एप्रिल १९८२ ला आणलं, १६ केवालं १२५ पौंडांना आणि ४८ केवालं १७५ पौंडांना. रबराच्या कळा, आत ३.५ मेगाहर्ट्झचा झेड-८० प्रोसेसर, टीव्हीला जोडायचं, प्रोग्रॅम कॅसेटवरून लोड करायचा. ४८ के म्हणजे ४८ किलोबाइट हो, तुमच्या फोनमधल्या एका फोटोच्या कोपऱ्यात अशी कितीतरी मशीनं बसतील. दुसरं मशीन कमोडोर ६४, तेही १९८२ चंच पण अमेरिकेतलं, सुरुवातीची किंमत ५९५ डॉलर. आणि तिसरं बीबीसी मायक्रो, त्याबद्दल खाली आहे.

प्र. "हाताने असेंब्ली" म्हणजे काय? सगळंच हाताने लिहितात ना?

दोन अर्थ आहेत आणि लोक ते सारखे मिसळतात. एक म्हणजे कंपायलरच्या (माणसाला वाचता येणारा प्रोग्रॅम मशीनच्या आकड्यांत बदलून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) भरवशावर न राहता प्रोसेसरची एकेक सूचना स्वतः लिहायची, हे आजही होतं, असेंबलर नावाचा प्रोग्रॅम त्याचे आकडे करून देतो. दुसरा अर्थ अगदी शब्दशः, म्हणजे असेंबलरसुद्धा नाही, वहीत सूचना लिहायच्या, समोर तक्ता ठेवून प्रत्येकीचा आकडा शोधायचा आणि ते आकडे बेसिकमधून (मशीनमधली सोपी प्रोग्रॅमिंग भाषा) पोक करत बसायचं, म्हणजे एकेक आकडा मेमरीतल्या ठरावीक पत्त्यावर टाकायचा.

मी दुसऱ्या पद्धतीने शिकलो. हौस वगैरे नव्हती, असेंबलरची कॅसेटच नव्हती. पाठकोऱ्या कागदांवर तीन रकाने आखायचे, पत्ता, आकडे, सूचना. सगळ्यात जास्त डोकं जायचं उड्यांमध्ये (म्हणजे प्रोग्रॅममधल्या दुसऱ्या जागी जायच्या सूचनांमध्ये), कारण जवळची उडी मारताना "किती बाइट पुढे किंवा मागे" हा आकडा द्यावा लागतो, तो मोजायचा उडीच्या सूचनेनंतरच्या पत्त्यापासून, आणि मागे जायचं असेल तर २५६ मधून वजा करून लिहायचा. मध्ये एक सूचना विसरली आणि नंतर घुसवली की खालचं सगळं सरकतं आणि सगळ्या उड्या परत मोजा. म्हणून शहाणी माणसं मध्ये मध्ये शून्यं सोडून ठेवायची, शून्य म्हणजे "काही करू नको, पुढे जा". आणि हे सगळं पोक करून झालं, चालवून बघणार तेवढ्यात लाईट गेली की संपलं, कॅसेटवर सेव्ह केलं नसेल तर सकाळपासूनचं काम पाण्यात. लोडशेडिंगच्या काळात मशीन कोड शिकलेल्या माणसाला "आधी सेव्ह कर" हे कुणी सांगावं लागत नाही.

प्र. एखादं उदाहरण द्या ना, कळेल असं.

घ्या. आधी बेसिकमध्ये क्लिअर ३९९९९ करा म्हणजे वरची जागा आपली. मग ४०००० पासून पुढे हे पाच आकडे एकेक करून पोक करा: ६२, २, २११, २५४, २०१. आता रँडमाइझ युएसआर ४००००, म्हणजे ४०००० पासूनचा कोड चालव. स्क्रीनभोवतीची बॉर्डर लाल होईल.

६२ म्हणजे "पुढचा आकडा ए रजिस्टरमध्ये घे" (रजिस्टर म्हणजे प्रोसेसरच्या आतली आकडा धरायची जागा), २ म्हणजे लाल, २११ आणि २५४ मिळून "ए मधलं २५४ नंबरच्या पोर्टवर पाठव" (पोर्ट म्हणजे प्रोसेसरबाहेरच्या भागांकडे आकडे पाठवायची वाट), २०१ म्हणजे "आलास तिथे परत जा". झालं. तुम्ही कॉम्प्युटरशी थेट बोललात, मध्ये कुणी नाही. नंतर एखादी कळ दाबलीत की लाल रंग जातो, कारण कळ दाबल्यावर जो बारीक टक आवाज येतो तोही त्याच पोर्टवरून जातो आणि तो आवाज काढणारा रॉममधला (मशीनच्या कायमस्वरूपी मेमरीतला) कोड जाताजाता बॉर्डरचा जुना रंग परत टाकतो. एकाच पोर्टवर बॉर्डर, स्पीकर आणि कॅसेटला जाणारी वायर, पैसे वाचवायचे म्हणजे असे.

आता हे पाच बघा: ६०, २११, २५४, २४, २५१. ए मध्ये एक मिळव, पोर्टवर पाठव, पाच बाइट मागे उडी (२५६ उणे ५ म्हणजे २५१, वर म्हटलं ते हेच). बॉर्डरवर तिरके थरथरणारे रंगीत पट्टे येतात आणि शिवाय शिट्टी वाजते, साधारण चार हजार हर्ट्झची, कारण ए वाढता वाढता त्यातला स्पीकरवाला बिटही (आकड्यातलं ० किंवा १ चं एक घर) चालू-बंद होत राहतो. पट्टे काढायला गेलो आणि शिट्टी फुकट मिळाली. यातून बाहेर पडायला मात्र रीसेटच, ब्रेक कळीला कुणी विचारत नाही कारण ती तपासणारा कोडच चालत नाहीये.

प्र. पट्टे तिरकेच का?

हा प्रश्न ज्याने विचारला तो आमच्यातला. वरच्या लूपला एका फेरीला २७ टी-स्टेट लागतात (टी-स्टेट म्हणजे घड्याळाचा एक टिक्का, सेकंदाला ३५ लाख): मिळवायला ४, पोर्टवर पाठवायला ११, उडीला १२. आठ रंगांचं एक आवर्तन २१६ मध्ये संपतं. टीव्हीची एक आडवी ओळ मात्र २२४ टी-स्टेटची. म्हणजे प्रत्येक ओळीत समेवर यायला आठ टिक्के आधीच पोचतो आपण, म्हणून पट्टा दर ओळीला थोडा सरकतो. लूपमध्ये चार-चार टिक्क्यांच्या "काही करू नको" अशा सूचना दोन घातल्या तर ३५ होतात, मग पट्टे अजून वेगळे दिसतात. करून बघा.

एका अख्ख्या फ्रेमला (टीव्हीवरच्या एका पूर्ण चित्राला) ६९,८८८ टी-स्टेट मिळतात, सेकंदाला ५० फ्रेम. हा ६९,८८८ आकडा स्पेक्ट्रमवाल्याला पगाराच्या आकड्यासारखा पाठ असतो, कारण महिना त्यातच काढायचा.

प्र. एवढं टिक्के मोजत बसायची खरंच गरज असते का?

हिशेबच मांडू. स्क्रीन ६९१२ बाइटची आहे, ६१४४ चित्राचे आणि ७६८ रंगांचे. ही सगळी मेमरीतल्या दुसऱ्या जागेवरून कॉपी करायचीय. झेड-८० मध्ये त्यासाठी एक तयार सूचना आहे, एलडीआयआर, दिसायला फार सुंदर, एका ओळीत काम. पण ती बाइटमागे २१ टिक्के खाते, म्हणजे १,४५,१५२. दोन फ्रेम गेल्या, गेममध्ये अजून काहीच हललेलं नाही. तिचीच धाकटी बहीण एलडीआय, जी एकच बाइट नेते, तिला १६ लागतात, मग लोक ती शेकडो वेळा एकाखाली एक लिहितात, मेमरी जाते पण वेळ वाचतो. तरी १,१०,५९२.

मग येतो स्टॅक, म्हणजे मेमरीतला तात्पुरते आकडे ठेवायचा ढीग. स्टॅकवर ठेवायची सूचना, पुश, एका फटक्यात दोन बाइट ठेवते आणि ११ टिक्के घेते. स्टॅक पॉइंटर (ढिगाचं टोक कुठे आहे ते सांगणारं रजिस्टर) चक्क स्क्रीनच्या शेवटी नेऊन ठेवायचा आणि पुश पुश पुश करत उलटं वर जायचं! स्क्रीन नुसती पुसायची असेल तर ३४५६ पुश, ३८,०१६ टिक्के, फ्रेमच्या अर्ध्याहून थोडं जास्त. फक्त त्याआधी इंटरप्ट (प्रोसेसरला चालू काम सोडून दुसरीकडे बोलावणारे इशारे) बंद करायचे, नाहीतर मध्येच इंटरप्ट येतो आणि परतीचा पत्ता तुमच्या चित्रात लिहून जातो, म्हणजे स्क्रीनवर दोन बाइटचा कचरा. मी हे पहिल्यांदा विसरलो होतो आणि दोन दिवस टीव्हीला शिव्या घातल्या.

पण कॉपी करायला आधी पॉप करून उचलायला पण लागतं, त्याचे १० टिक्के. दोन बाइटला २१, म्हणजे एकूण ७२,५७६. परत बघा, फ्रेममध्ये बसत नाही! थोडक्यासाठी, पण नाही बसत. त्यात खालच्या १६ केमध्ये चित्र काढणारी चिप आणि प्रोसेसर एकाच मेमरीसाठी भांडतात आणि प्रोसेसरला थांबावं लागतं तो वेळ वेगळाच. म्हणूनच कितीतरी स्पेक्ट्रम गेममध्ये खेळायची खिडकी लहान असते आणि उरलेल्या भागात स्कोअर, नक्षी, नायकाचा फोटो वगैरे भरलेलं असतं.

आणि हेही सांगितलं पाहिजे की मॅनिक मायनर, १९८३ चा, मॅथ्यू स्मिथने सतराव्या वर्षी लिहिलेला, त्यात वरच्या दोन तृतीयांश स्क्रीनसाठी सरळ एलडीआयआरच वापरलंय, ४०९६ बाइट. ८६ हजार टिक्के. कुणाला काही फरक पडला नाही, गेम अजून खेळतात लोक. त्यामुळे नवीन पोरं आली की पहिल्या दिवसापासून पुश पुश करतात त्यांना मी हे दाखवतो.

प्र. त्यापेक्षा सीमध्ये लिहा की सरळ.

लिहितात लोक, झेड८८डीके आणि एसडीसीसी हे दोन्ही सी कंपायलर चांगले आहेत, मेनू आणि स्कोअर टेबलसाठी मीही वापरतो. पण सी भाषेला लोकल व्हेरिएबल स्टॅकवर ठेवायची सवय, आणि झेड-८० ला स्टॅकच्या मधला बाइट उचलणं म्हणजे वाकडी वाट. आयएक्स रजिस्टरमधून उचलला तर १९ टिक्के, तेच एचएल रजिस्टर आधीच योग्य जागी असेल तर ७. माणसाला माहीत असतं की पुढच्या वीस ओळी एचएल कुठे असणार आहे. शिवाय माणूस डेटाच कोडला सोयीचा करून ठेवतो, टेबल २५६ च्या सीमेवर बरोबर बसवलं की पुढे सरकताना अख्खी जोडी न वाढवता फक्त एल वाढवला की भागतं, ६ ऐवजी ४ टिक्के. ए शून्य करायचा तर "ए मध्ये ० घे" असं कुणी लिहीत नाही, ए ला ए बरोबरच झॉर करायचं (बिट वेगळे असतील तिथेच १ देणारी क्रिया, म्हणून स्वतःबरोबर केली की शून्य), एक बाइट, चार टिक्के (सरळ लिहिलं तर दोन बाइट आणि सात). हे शेवटचं कंपायलरलाही येतं म्हणा.

प्र. स्पेक्ट्रमवर चित्र लोड होताना असं तुकड्यातुकड्यात, मध्ये ओळी सोडून का येतं?

कारण मेमरीतल्या ओळी स्क्रीनवर सरळ क्रमाने नाहीत. स्क्रीनचे तीन भाग, प्रत्येक भागात आठ अक्षर-ओळी, आणि मेमरीत आधी सगळ्या अक्षर-ओळींची पहिली पिक्सेल-रेघ, मग सगळ्यांची दुसरी, असं. ज्याला हे माहीत नाही त्याला वाटतं वेडे होते का. नव्हते. रिचर्ड अल्टवासरने चिप बनवताना असं जमवलं की चित्राचा बाइट आणि त्याच जागेच्या रंगाचा बाइट, दोन्हीच्या पत्त्याचा खालचा अर्धा भाग एकच येतो, त्यामुळे मेमरीतून दोन्ही पटापट लागोपाठ उचलता येतात. स्वस्त मेमरी पुरली.

आणि प्रोग्रॅमरला यातून एक बक्षीस मिळतं. एका अक्षराच्या चौकोनात खालच्या रेघेवर जायचं तर पत्त्यात नुसतं एच एकने वाढवायचं, ४ टिक्के. सरळ रचना असती तर दरवेळी ३२ मिळवत बसावं लागलं असतं. चौकोन ओलांडताना मात्र कसरत आहे, त्याची दहा-बारा सूचनांची रुटीन सगळ्यांना तोंडपाठ असते, पावकी-निमकीसारखी.

प्र. रंग एकमेकांत का मिसळतात?

आठ बाय आठच्या चौकोनात फक्त दोन रंग, एक शाईचा एक कागदाचा. पिवळा नायक हिरव्या झाडापाशी गेला की एकतर झाड पिवळं होतं नाहीतर तो हिरवा. यालाच कलर क्लॅश म्हणतात. कमोडोरवाले ४० वर्षं याच एका गोष्टीवर हसतायत. आता मात्र टीव्हीचा किरण खाली येत असताना रंगाचे बाइट बरोबर वेळेला बदलून चौकोन आठ बाय दोनचा करणारी इंजिनं आहेत, निर्वाणा नावाचं एक प्रसिद्ध आहे. टिक्का चुकला की सगळं चित्र विस्कटतं.

प्र. बरं, स्पेक्ट्रम की कमोडोर? एकदाचं सांगा.

हे घराण्यांसारखं आहे, उत्तर तुम्ही कुणाकडे शिकलात त्यावर. पण प्रामाणिकपणे: कमोडोर ६४ मध्ये आठ हार्डवेअर स्प्राइट (चिपच स्क्रीनवर स्वतंत्रपणे हलवते अशी छोटी चित्रं), हार्डवेअरनेच स्क्रीन सरकवायची सोय, सोळा रंग, आणि बॉब यानेसने बनवलेली सिड ही आवाजाची चिप, तीन सूर, फिल्टर. त्यासमोर आमच्याकडे एक बिटचा स्पीकर, आत किंवा बाहेर, बस. तरी टिम फॉलिनसारख्या लोकांनी त्या एका बिटातून एकाच वेळी अनेक सूर काढून दाखवले, अर्थात तेवढा वेळ प्रोसेसर दुसरं काहीही करू शकत नाही.

"पण स्पेक्ट्रम ३.५ मेगाहर्ट्झ आणि कमोडोर १, म्हणजे तिप्पट वेग ना?" हा युक्तिवाद मी शाळेत असताना फार केलाय आणि तो चूक आहे, आता कबूल करतो. कमोडोरचा ६५१० कमी टिक्क्यांत काम करतो. एका रजिस्टरमध्ये आकडा घ्यायला त्याला २ टिक्के, आम्हाला ७. वेळ काढा, दोन्हीकडे जवळजवळ २ मायक्रोसेकंद. बरोबरी! त्याच्याकडे रजिस्टर तीनच, ए, एक्स, वाय, पण मेमरीचे पहिले २५६ बाइट तो जवळपास रजिस्टरसारखे पटकन वापरतो. आमच्याकडे रजिस्टरं भरपूर, वर त्यांचा दुसरा जोडही. विचार करायची पद्धतच वेगळी पडते, एकाला वस्तू हातात धरून काम करायची सवय, दुसऱ्याला समोर छोटं टेबल मांडून.

आणि त्यांचं टिक्के मोजणं आमच्यापेक्षा कडक असतं हेही मान्य. युरोपातल्या पाल (तिथली टीव्हीची पद्धत) मशीनवर एका ओळीला फक्त ६३ टिक्के, त्यातही दर आठव्या ओळीला चित्राची चिप त्यातले चाळीसेक पळवते. एवढ्यात ते प्रत्येक ओळीवर नेमक्या टिक्क्याला ४० कॉलमचे ३८ करतात, चिप गोंधळते आणि बाजूची बॉर्डर बंद करायची विसरते, मग बॉर्डरमध्ये स्प्राइट नाचवतात. चिप बनवणाऱ्यांनी अशी सोय दिलेलीच नव्हती. हॅट्स ऑफ, पण मशीन तरीही बिस्किटाच्या रंगाचं आहे.

प्र. भारतात कुणाकडे होतं का हे?

होतं की! डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन डीबी स्पेक्ट्रम प्लस नावाने भारतात विकलं, ८० च्या दशकाच्या उत्तरार्धात. मी पहिल्यांदा मामेभावाकडे बघितलं, सुट्टीत. दादा खेळायचा, मला फक्त कॅसेट लावायचं काम, गेम लोड व्हायला चार-पाच मिनिटं आणि शेवटी "आर टेप लोडिंग एरर" आलं की टेपरेकॉर्डरच्या हेडचा स्क्रू बारीक स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा, आवाज खणखणीत होईपर्यंत. माझा पहिला मशीन कोड म्हणजे मॅनिक मायनरचा पोक ३५१३६, ०. जीव कधी संपतच नाहीत! का संपत नाहीत हे कळायला दोन वर्षं गेली: त्या पत्त्यावर ५३ असतो, म्हणजे "एक वजा कर", तिथे शून्य टाकलं की वजाबाकीच होत नाही. फसवाफसवीतून शिक्षण.

शाळांमध्ये मात्र १९८४ ला सरकारने क्लास नावाचा प्रकल्प सुरू केला त्यात बीबीसी मायक्रो आले होते. ते मशीन शिकायला सगळ्यात सभ्य, सोफी विल्सन यांनी लिहिलेल्या त्याच्या बेसिकमध्येच चौकोनी कंस उघडून असेंब्ली लिहिता यायची, वेगळी कॅसेट नको काही नको. आमच्या बाजूच्या शाळेत होता, पण कपड्याखाली झाकलेला आणि खोलीला कुलूप.

प्र. माळ्यावर जुना स्पेक्ट्रम सापडलाय, लावून बघू का?

थांबा!! जुना अडॅप्टर आधी मल्टिमीटरने तपासा. नवीन घेत असाल तर लक्षात ठेवा, ९ व्होल्ट आणि आतली पिन निगेटिव्ह, बाजारात मिळणारे बहुतेक उलटे असतात. कळा चालत नसतील तर घाबरू नका, आतली प्लास्टिकची मेम्ब्रेन वाळून तडकते, नवीन मिळते. कमोडोर असेल तर जुना पॉवर सप्लाय अजिबात लावू नका, ५ व्होल्टच्या जागी जास्त सोडायला लागतो आणि मेमरीच्या चिपा मारतो.

प्र. एम्युलेटर चालेल?

चालेल. एम्युलेटर म्हणजे आजच्या कॉम्प्युटरवर जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम. स्पेक्ट्रमसाठी फ्यूज किंवा कमोडोरसाठी व्हाइस, दोन्ही टिक्क्याटिक्क्याला बरोबर. खऱ्या मशीनशिवाय मजा नाही म्हणणारे पुष्कळ आहेत, मीही पार्टीत तसंच म्हणतो, पण रोजचं काम एम्युलेटरवर करतो. मॅथ्यू स्मिथनेही मॅनिक मायनर स्पेक्ट्रमवर लिहिला नव्हता, टँडी टीआरएस-८० वर लिहिला होता.

प्र. झेड-८० बनवणं बंद झालं ना? मग आता काय अर्थ?

झायलॉगने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केलं, १४ जूनपर्यंत शेवटच्या ऑर्डरी घेतल्या. १९७६ पासून चाललेली चिप. मी चार मागवून ठेवल्या, बायको म्हणाली लोणच्यासारख्या बरणीत ठेव. ठेवल्यात, अँटिस्टॅटिक फोममध्ये. खरं तर आधीच इतक्या बनल्यात की आपल्या हयातीत तुटवडा पडत नाही.

प्र. अजून कुणी नवीन लिहितं का यावर?

दर वर्षी नवीन गेम येतात, काही कॅसेटवर सुद्धा. रशियात पेंटागॉनसारखे क्लोन (स्पेक्ट्रमच्या नकला) घरोघरी बनले त्यामुळे तिथली मंडळी फार तयारीची. डेमोसीन म्हणजे नुसतं चित्र-संगीत-कोडची करामत दाखवणारे लोक, त्यांना फिनलंडने २०२० मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, मग जर्मनीने. हे सांगितलं की नातेवाईक जरा गप्प होतात.

प्र. नॉस्टॅल्जियाच ना शेवटी?

थोडा आहे, नाही कशाला म्हणू. पण माझ्याबरोबर लिहिणाऱ्यांत एक मुलगा १९ वर्षांचा आहे, त्याला कसला नॉस्टॅल्जिया? तो म्हणतो लॅपटॉपवर काही अडलं की दहा थरांपैकी कुठल्या थरात अडलं कळत नाही, इथे अडलं की चूक माझीच, आणि ती ४८ केच्या आतच कुठेतरी असणार. रॉम १६ केची, तिचा प्रत्येक बाइट काय करतो हे लोकांनी लिहून ठेवलंय. अख्खं मशीन डोक्यात मावतं.

प्र. सुरू कुठून करू?

फ्यूज उतरवून घ्या, सोबत पास्मो किंवा एसजेएएसएम-प्लस हा असेंबलर. पण त्याआधी वरचे दोन पाच-पाच आकडे हाताने पोक कराच. मग बॉर्डरऐवजी स्क्रीनवर लिहा, पत्ता १६३८४ वर २५५ टाका, वरच्या डाव्या कोपऱ्यात छोटी रेघ उमटेल. पुढचं २२५२८ वर, तिथून रंग सुरू. बेसिकमध्ये परत यायचं असेल तर आयवाय रजिस्टरला हात लावू नका आणि एचएलच्या दुसऱ्या जोडीलाही, लावलाच तर होतं तसं ठेवून या, नाहीतर मशीन गोठतं आणि का ते कळत नाही. आणि मधूनमधून सेव्ह करा, आता लाईट जात नाही फारशी, तरी करा.